बाजूची पट्टी सोडा, माडी मिळेल

वाचकाचं पत्र (थोडक्यात): अमळनेरला कॉलनीत आमचा ९ मीटर बाय १८ मीटरचा बिनशेती प्लॉट आहे. वडिलांनी १९९४ मध्ये नगरपालिकेची परवानगी काढून तीन खोल्यांचं स्लॅबचं घर बांधलं. मंजूर नकाशा घरात आहे, भोगवटा प्रमाणपत्र मात्र कधी घेतलं नाही. पुढच्या खोलीला कॉलम आहेत आणि त्यांचे गज गच्चीवर सोडलेले आहेत. मागच्या दोन खोल्या नऊ इंची भिंतींवर उभ्या आहेत. २००६ मध्ये पूर्वेच्या बाजूच्या मोकळ्या पट्टीत संडास-बाथरूम बांधलं, त्याची परवानगी नव्हती. आता वडील नाहीत. आई, मी, बायको, दोन मुलं आणि भाऊ असे राहतो. भावाचं लग्न ठरलं आहे. वर दोन खोल्या काढायच्या आहेत. मिस्त्री म्हणतो, जिना बाहेरून त्याच पट्टीत टाकू, परवानगीच्या भानगडीत पडू नका, घरपट्टी लावून घेतली की काम झालं. शेजारी म्हणतो, जिना टाकला तर अर्ज देईन. मिळकतीवर आई, आम्ही दोघं भाऊ आणि शिरपूरला दिलेली बहीण अशी चार नावं आहेत. काय करावं?

भाऊ, तुमच्याकडे जागा भरपूर आहे. अडचण आहे ती दीड मीटरच्या त्या पट्टीची. मिस्त्रीचा बेत तिथेच चुकतो आणि शेजाऱ्याचं म्हणणं तिथेच बरोबर ठरतं. आधी हिशेब बघा, म्हणजे पुढचं आपोआप उलगडेल.

तुमचा प्लॉट १६२ चौरस मीटरचा. डिसेंबर २०२० पासून राज्यातल्या बहुतेक शहरांना एकत्रीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू आहे. वास्तुविशारद तिला युडीसीपीआर म्हणतात. गावठाणाबाहेरच्या, दाट वस्ती नसलेल्या भागात तिच्याप्रमाणे मूळ एफएसआय (प्लॉटच्या किती पट बांधता येतं ते प्रमाण) १.१० आहे, म्हणजे १७८.२ चौरस मीटर बांधकाम. सध्याचं घर ६ बाय १० मीटर, म्हणजे ६० चौरस मीटर. हाताशी ११८ चौरस मीटर शिल्लक आहेत. दोन खोल्या, जिना आणि संडास-बाथरूम मिळून त्यातले निम्म्याहून थोडेच जास्त लागतील. नव्या नियमावलीत बाल्कनी, जिना, पॅसेज सगळं इमारतीच्या बाहेरच्या रेषेच्या आत मोजलं जातं. जुन्या नकाशात यातलं काही वगळलेलं असेल तर ते आता धरावं लागेल, एवढं लक्षात ठेवा. प्रीमियम भरून जादा क्षेत्र घेण्याची सोयही आहे, पण तुम्हाला तिची गरज नाही. कोणी ‘प्रीमियम भरावा लागेल’ म्हटलं तर हा हिशेब त्याच्यापुढे ठेवा.

आता सामासिक अंतरं, म्हणजे हद्दीपासून सोडायची मोकळी जागा. तुमच्या मापांवरून १९९४ च्या नकाशात पुढे ३ मीटर, दोन्ही बाजूंना दीड-दीड मीटर, घर १० मीटर लांब आणि मागे ५ मीटर मोकळं असं दिसतं. बाजूचं अंतर हवा, उजेड, दुरुस्ती आणि आग लागली तर जायला वाट यासाठी असतं. त्या दीड मीटरमध्ये ९० सेंटिमीटरचा जिना टाकला की उरतात ६० सेंटिमीटर, आणि त्याही जिन्याच्या सावलीत. असा नकाशा छाननीतच अडकेल. परवानगी न घेता जिना टाकला तर शेजाऱ्याच्या एका अर्जावर नोटीस येईल. नोटिशीनंतर महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम १९६६ चं कलम ५३ लागतं. त्यात बांधकाम कायम ठेवण्यासाठी नव्याने अर्ज करता येतो, पण जे नियमातच बसत नाही ते त्या अर्जानेही बसत नाही. २००६ चं तुमचं बाथरूम याच वर्गात मोडतं. त्यावर आजवर कोणी बोललं नाही, म्हणून ते कायदेशीर झालं असं नाही.

घरपट्टीबद्दल मिस्त्री जे सांगतो ते खानदेशात घरोघरी ऐकायला मिळतं आणि ते चूक आहे. पालिका अनधिकृत बांधकामावरही कर आकारते, वर शास्तीही लावू शकते. कराची पावती बांधकामाची मंजुरी नसते. बँकेला विचारा. घरबांधणीच्या कर्जाला ती मंजूर नकाशा मागते, घरपट्टीची पावती पुरत नाही.

जिना आणि संडास-बाथरूम दोन्ही मागच्या ५ मीटरमध्ये न्या. घराच्या मागे, घराच्याच रुंदीत, ६ बाय ३ मीटरचा नवा भाग काढा. मागे २ मीटर मोकळे राहतात आणि बाजूच्या दोन्ही पट्ट्या पूर्ण मोकळ्या होतात. मागे किती अंतर सोडावं लागेल ते तुमच्या मंजूर लेआउटवर आणि रस्त्याच्या रुंदीवर ठरतं. म्हणून नकाशा काढायच्या आधी वास्तुविशारदाकडून तेवढं पक्कं करून घ्या. या १८ चौरस मीटरमध्ये खाली जिना, संडास-बाथरूम आणि धुण्याभांड्याची मोरी बसते. वर जिन्याचं तोंड, दुसरं संडास-बाथरूम आणि खोल्यांकडे जाणारा पॅसेज येतो. सगळं ओलं काम एकावर एक आल्याने पाइप एकाच भिंतीला राहतात आणि गळती झाली तर शोधायला घरभर फोडाफोड होत नाही. वर ३० चौरस मीटरच्या दोन खोल्या. बेरीज करा: ६० अधिक १८ अधिक १८ अधिक ३०, म्हणजे १२६. मर्यादेपेक्षा ५२ चौरस मीटरने कमी. पुढेमागे मुलांसाठी तिसरी खोली लागली तर तीही बसेल.

जिन्याची मापं मिस्त्रीवर सोडू नका. घरगुती जिन्याला पायरीची उंची १९ सेंटिमीटरपेक्षा जास्त नको आणि पाय ठेवायची रुंदी २५ सेंटिमीटरपेक्षा कमी नको. मजल्याची उंची ३ मीटर धरली तर १६ पायऱ्या येतात, प्रत्येकी पावणेएकोणीस सेंटिमीटरच्या. मध्ये वळण घेतलं तर एका बाजूला सात पावलांचे पावणेदोन मीटर आणि वळणाचा चौथरा ९० सेंटिमीटर, म्हणजे तीन मीटरच्या आत काम होतं. जागा वाचवायला वळणात तिरक्या पायऱ्या काढू नका. आईला रोज चढायचं असेल तर त्याच पहिल्या नडतात. खोल्यांचंही तसंच आहे. राहायची खोली साडेनऊ चौरस मीटरपेक्षा लहान आणि २.४ मीटरपेक्षा अरुंद चालत नाही. उंची किमान पावणेतीन मीटर हवी. अमळनेरच्या मे महिन्यात ती तीन मीटर ठेवलेली बरी, आणि पश्चिमेच्या भिंतीत मोठी खिडकी नको.

बहिणीचं. मिळकतीवर चार नावं आहेत म्हणजे अर्जाला चौघांची संमती लागेल. इथे दोन कागदांची गल्लत होते आणि ती घरातल्या नात्यांना महाग पडते. तुम्हाला हवं आहे संमतीपत्र. ‘या मिळकतीवर अमुक बांधकाम करण्यास माझी हरकत नाही’ एवढंच त्यात असतं आणि बहिणीचा हिस्सा जसाच्या तसा राहतो. हक्कसोडपत्र ही वेगळी गोष्ट आहे. ते दुय्यम निबंधकाकडे नोंदवावं लागतं आणि त्याने तिचा हिस्सा जातो. बांधकाम परवानगीसाठी हक्कसोडपत्र कोणी मागत नाही. ‘कामासाठी सही लागते’ म्हणून तिच्यापुढे दुसरा कागद सरकवू नका, आणि कोणी एजंट तसं सुचवत असेल तर त्याला तिथेच थांबवा. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) ती माहेरी येईलच. तेव्हा नकाशा समोर ठेवून, मजकूर वाचून दाखवून सही घ्या आणि नोटरी करून टाका. वर कोण राहणार, खर्च कोणी किती केला, उद्या वाटणी झाली तर माडी कोणाची, हे भावाभावांनीही त्याच दिवशी लिहून ठेवा. याचा पालिकेशी संबंध नाही, पण स्लॅब पडल्यानंतर हे बोलणं अवघड होतं.

वडिलांच्या पश्चात वारसांची नावं मिळकत पत्रिकेवर किंवा सातबाऱ्यावर चढली आहेत ना, ते उतारा काढून बघा. काही जणांची नावं घरपट्टीच्या रजिस्टरला लागलेली असतात आणि भूमी अभिलेखाकडे वडिलांचंच नाव राहिलेलं असतं. तसं असेल तर आधी वारस नोंद, मग अर्ज.

बाकी कागदांत नवा उतारा, बिनशेती आदेश, मंजूर लेआउटची प्रत, १९९४ ची परवानगी व नकाशा, घरपट्टी आणि पाणीपट्टी भरल्याच्या पावत्या आणि भूमी अभिलेख कार्यालयाची मोजणीची ‘क’ प्रत (हद्द दाखवणारा मोजणी नकाशा) ठेवा. मोजणीचा खर्च वाचवायचा मोह होतो. शेजाऱ्याशी आधीच वाजलेलं असताना तो वाचवू नये. जुन्या कॉलन्यांत कुंपणाची भिंत नेहमी हद्दीवर असतेच असं नाही. तुम्ही भिंतीपासून दीड मीटर मोजाल आणि तो हद्दीपासून मोजेल. मोजणी सगळ्यात वेळखाऊ असते, म्हणून तिचा अर्ज सगळ्यात आधी टाका.

झोन दाखला आणि भाग नकाशाही नगर रचना शाखेतून काढून घ्या. विकास आराखड्यात तुमचा प्लॉट निवासी पट्ट्यात, म्हणजे पिवळ्या रंगात असेल. तरी पुढच्या रस्त्याचं रुंदीकरण किंवा एखादं आरक्षण प्लॉटला शिवतं का ते याच कागदावर कळतं. रुंदीकरणात पुढचा मीटरभर जाणार असेल तर पुढची ३ मीटरची मोजणीही सरकते. बोरी नदीच्या काठच्या वस्त्यांत पूररेषा बघावी लागते. नदी आणि निळी पूररेषा (नकाशावरची नदीकडची रेषा) यांच्या मधल्या पट्ट्यात नव्या बांधकामाची आशा धरू नये. तुमच्या पत्रातून कॉलनी नदीपासून लांब वाटते, त्यामुळे हे धुळ्यात पांझरेकाठी राहणाऱ्या वाचकांसाठीही समजा. आणि गच्चीवर उभं राहून वर बघा. समोरून ११ केव्हीची लाइन जात असेल तर तारेपासून आडवं किमान १.२ मीटर आणि उभं ३.७ मीटर अंतर लागतं. तळमजल्याला जी तार दूर होती ती माडीच्या गॅलरीत हाताशी येते.

आता घर पेलेल का, हा कागदांपेक्षा मोठा प्रश्न. अर्जाला संरचना अभियंत्याचा दाखला लागतोच. तो दाखला कोऱ्या फॉर्मवर सही घेऊन मिळवू नका. तुमचं घर अर्धं कॉलमवर आणि अर्धं भिंतींवर आहे, आणि हा प्रकार सगळ्यात फसवा. कॉलमचा भार चार ठिकाणी खोल जातो, भिंतीचा भार लांबट पायावर उथळ पसरतो. खाली काळी माती असेल तर ती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते, आणि दोन्ही भाग वेगवेगळे खालीवर होतात. पुढची खोली आणि मागच्या खोल्या जिथे जुळतात तिथे भिंतीत तिरकी किंवा उभी भेग आहे का बघा. असेल तर तिच्यावर आडवी पेन्सिलची रेघ मारून तारीख लिहा, एक ऋतू जाऊ द्या आणि ती वाढते का ते अभियंत्याला सांगा. प्लास्टर मारून ती झाकू नका.

अभियंत्याने किमान तीन गोष्टी केल्या पाहिजेत. एक, एका कॉलमशेजारी आणि एका भिंतीशेजारी खड्डा खणून फुटिंग (पायाचा तळ) किती खोल, किती रुंद आणि कशावर बसलं आहे, काळ्या मातीवर की मुरमावर, ते डोळ्यांनी बघणं. दोन, कॉलमचं काँक्रीट हातोड्याच्या चाचणीने तपासणं आणि एखाद्या ठिकाणी गजांवरचं काँक्रीटचं आवरण फोडून आतले गज मोजणं. तीन, भार मांडणं. नऊ इंची विटांची ३ मीटर उंच भिंत दर मीटर लांबीला सुमारे १.३ टन भरते. तीच भिंत १५ सेंटिमीटरच्या एएसी ब्लॉकची (हलक्या सच्छिद्र काँक्रीटच्या विटांची) केली तर प्लास्टर धरून अर्ध्या टनाच्या आत राहते. जुनी गच्ची गच्ची म्हणून बांधलेली असते. तिच्या मधोमध, खाली भिंत किंवा बीम नसताना, विटांची भिंत उभी करणं म्हणजे स्लॅब वाकवणं. नव्या भिंती जुन्या भिंतींवर किंवा बीमवरच याव्यात, म्हणून वरच्या खोल्यांची मांडणी आवडीने नाही, खालच्या भिंती बघून करायची. गच्चीवर विटांच्या तुकड्यांचा कोबा असेल तर माडीच्या जागेतला तो काढून टाका. १० सेंटिमीटरचा कोबा दर चौरस मीटरला साधारण २०० किलो असतो. ३० चौरस मीटरला सहा टन ओझं असंच उतरतं.

सोडलेल्या गजांचा भरवसा धरू नका. तीस पावसाळे उघड्यावर राहिलेला गज वरून जाड दिसतो, कारण गंज फुगतो. तारेच्या ब्रशने घासून कॅलिपरने मोजा. १२ मिलिमीटरचा गज घासल्यावर १० भरला तर त्याची ताकद जवळपास तिसऱ्या हिश्श्याने गेली. शिवाय तो काँक्रीटमधून बाहेर येतो तिथे पाणी मुरून सर्वांत जास्त खाल्लेला असतो. अशा वेळी कॉलमचं डोकं खाली शाबूत काँक्रीट लागेपर्यंत फोडून नवीन गज जोडावे लागतात किंवा केमिकल अँकरने (भोकात चिकट रसायन भरून) बसवावे लागतात. मिस्त्री जुन्या गजाला नवा गज बाइंडिंग तारेने बांधून पुढे जाईल. कामाच्या दिवशी तिथे हजर राहा.

भिंतींचा पाया कमी पडतो असं निघालं, तर मागच्या दोन खोल्यांवर काही चढवू नका. पुढच्या कॉलमच्या खोलीवर एक खोली आणि मागच्या नव्या भागावर दुसरी, अशी मांडणी बदलता येते. जिन्याचा भाग मग थोडा मोठा करावा लागेल, एफएसआय त्याला आडवा येत नाही. मधला पॅसेज हलक्या पत्र्याच्या छपराने झाकता येतो, मात्र तोही नकाशात दाखवायचा.

मागचा नवा भाग स्वतःच्या कॉलम-बीमवर स्वतंत्र उभा करा. जुन्या घराशी त्याचा स्लॅब बांधू नका. दोघांमध्ये २० ते २५ मिलिमीटरचा सांधा सोडा, त्यात थर्माकोल किंवा फोमची पट्टी भरा आणि वरून झाकणपट्टी लावा. लोकांना सांधा दिसलेला आवडत नाही, म्हणून जुन्या भिंतीत गज ठोकून दोन्ही एक करतात. मग नवा पाया बसताना पहिल्या दोन पावसाळ्यांत जुन्या भिंतीला ओढतो आणि नेमकी जोडावर भेग पडते. फुटिंग काळ्या मातीच्या खाली मुरमापर्यंत न्या. मुरूम फार खोल असेल तर अभियंता अंडररीम्ड पाइल (तळाशी फुगीर असलेले खोल खांब) सुचवेल, त्याला विरोध करू नका. जुन्या भिंतीलगत खणताना सबंध लांबीचा चर एकदम उघडू नका. मीटर-सव्वा मीटरचा एकेक खड्डा, एकाआड एक, आणि एक भरल्याशिवाय शेजारचा उघडायचा नाही.

कागद तयार झाले की अर्ज. अर्ज तुम्ही स्वतः करायचा नसतो. नोंदणीकृत वास्तुविशारद किंवा परवानाधारक अभियंता बीपीएमएस या ऑनलाइन प्रणालीतून तो टाकतो. नकाशात जुनं बांधकाम आणि नवं बांधकाम वेगळं दाखवावं लागतं. पाडायचं ते पिवळ्या रेघांनी, नवीन ते लाल रंगात. तुमच्या बाबतीत पूर्वेच्या पट्टीतलं २००६ चं बाथरूम पिवळ्यात गेलं पाहिजे. ते नकाशात दाखवायचंच नाही, असा सल्ला मिळेल. पाहणीला आलेला अभियंता बाजूने फिरतोच, आणि न दाखवलेलं बांधकाम सापडलं की फाइल त्रुटीत जाते. लपवण्यापेक्षा ‘पाडणार’ असं लिहिणं स्वस्त पडतं. घरात सहा माणसं आणि संडास एकच, तेव्हा आधी मागचं नवं संडास-बाथरूम उभं करायचं आणि मग जुनं पाडायचं. हा क्रम अर्जातच लिहून ठेवा.

नियमावलीत लहान निवासी प्लॉटसाठी सोपी वाट आहे. १५० चौरस मीटरपर्यंतच्या प्लॉटला कागद आणि शुल्क भरल्याची पोचच परवानगी धरली जाते. १५० ते ३०० चौरस मीटरला दहा दिवसांत परवानगी द्यायची तरतूद आहे, वास्तुविशारदाच्या जबाबदारीवर. तुम्ही १६२ म्हणजे दुसऱ्या गटात. ही वाट स्वच्छ फाइलसाठी आहे. हद्द, नावं आणि जुनं बांधकाम यांत काही लोंबकळत असेल तर नेहमीची छाननी होते. कायद्यात ६० दिवसांत निर्णय झाला नाही तर परवानगी मिळाली असं मानण्याची तरतूद आहे, पण ती नियमात तंतोतंत बसणाऱ्या नकाशालाच लागू होते. तिच्या भरवशावर खोदकाम सुरू करू नका. परवानगी नाकारली तर कारणं लेखी मागा. ४० दिवसांत राज्य शासनाकडे अपील करता येतं.

शुल्कात छाननी शुल्क आणि विकास शुल्क मुख्य. विकास शुल्क रेडीरेकनरच्या (सरकारी बाजारमूल्याच्या) दराशी बांधलेलं असतं आणि वाढीव क्षेत्रावर येतं, म्हणून १९९४ ची चलनं सापडली तर जोडा, नाहीतर जुन्या ६० चौरस मीटरवरून घोळ होतो. कामगार उपकर बांधकाम खर्चाच्या एक टक्का असतो. स्वतःच्या राहत्या घराला खर्चाच्या ठरावीक मर्यादेपर्यंत त्यातून सूट असते, सध्याची मर्यादा पालिकेत विचारून घ्या. सगळं पालिकेच्या चलनानेच भरा. रोख दिलेल्या पैशाला फाइलमध्ये जागा नसते.

परवानगी एक वर्षाची असते आणि वर्षावर्षाने आणखी तीन वर्षांपर्यंत वाढवून मिळते. लग्नाची घाई म्हणून परवानगीआधी नुसती सेंट्रिंग तरी बांधू, असं करू नका. प्लास्टर, रंग, फरशी, गळकी गच्ची दुरुस्त करणं यांना परवानगी लागत नाही, ती कामं हवं तर आजच सुरू करा. जोतं झालं की जोते तपासणी करून घ्या. तिथे चुकलेले १५ सेंटिमीटर वर स्लॅबपर्यंत जातात आणि भोगवट्याच्या वेळी आडवे येतात.

स्लॅबचा दिवस. एप्रिल-मेमध्ये इथे पारा ४४-४५ वर जातो आणि काँक्रीट टाकताना ते ४० अंशांपेक्षा गरम नसावं. म्हणून पहाटे सुरू करून दहाच्या आत संपवा. गिट्टीवर आदल्या रात्री पाणी मारून सावली करा. मिक्सरमध्ये जादा पाणी ओतून माल सैल करू देऊ नका, उन्हाळ्यात मिस्त्री हे हमखास करतात आणि तिथेच भेगांची सुरुवात होते. काँक्रीट धरलं की वाफे करून पाणी साठवा. उष्ण कोरड्या हवेत किमान दहा दिवस, पीपीसी (राख मिसळलेलं) सिमेंट असेल तर चौदा दिवस पाणी हवं. नळाला पाणी चार-पाच दिवसांआड येत असेल तर टँकरचा खर्च आधीच धरा. साडेचार मीटरपर्यंतच्या स्लॅबचे टेकू सात दिवसांच्या आत आणि बीमचे चौदा दिवसांच्या आत काढू नयेत. पीपीसीला त्याहून जास्त थांबा. सेंट्रिंगवाला फळ्या दुसरीकडे न्यायला घाई करतो, त्याचं भाडं दिवसांनी ठरवा.

सेप्टिक टँकचं कोणीच विचारत नाही. तीन माणसांच्या हिशेबाने बांधलेली टाकी सात-आठ माणसांना पुरत नाही, आणि ओसंडलेलं पाणी काळ्या मातीत पायालगत मुरलं तर वर केलेली सगळी काळजी वाया जाते. दहा माणसांसाठी आतून २ मीटर लांब, ९० सेंटिमीटर रुंद आणि पाण्याची खोली १ मीटर अशी टाकी दरवर्षी उपसावी लागते. खोली १.४ मीटर केली तर दोन वर्षांनी. मागच्या २ मीटरच्या मोकळ्या पट्टीत ती हद्दीकडच्या बाजूला बसवा, शोषखड्डा नव्या फुटिंगपासून लांब न्या आणि हवेचा पाइप माडीच्या खिडकीच्या वर जाईल इतका उंच घ्या. टाकी उपसणाऱ्या गाडीचा पाइप जायला पूर्वेची मोकळी झालेली पट्टी लागेलच. तिथे फरशी घाला, पाणी रस्त्याकडे उतरेल असा ढाळ द्या आणि दुसरं काही बांधू नका.

काम पूर्ण झालं की वास्तुविशारदाकडून पूर्णत्वाचा दाखला आणि पालिकेकडून भोगवटा प्रमाणपत्र घ्या. १९९४ चं राहिलेलं भोगवटाही याच वेळी संपूर्ण इमारतीसाठी मागा. त्यानंतर वाढीव भागाच्या घरपट्टीचा अर्ज आणि माडीसाठी वेगळं वीज मीटर हवं असेल तर महावितरणचा अर्ज, दोन्ही त्याच प्रमाणपत्राच्या प्रतीवर होतील.